वाचनांतर : मतभेदांना जागा देणाऱ्या सभांचा इतिहास

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे श्रवण करणाऱ्या श्रावक-श्राविकांच्या कानांवरून एक लहानसे विधान दरवर्षी जात असते. भगवान महावीरांच्या चरित्राच्या अखेरीस, त्यांच्या निर्वाणानंतरची नऊ शतके उलटून दहाव्या शतकाचे ८० वे वर्ष चालू असल्याचे सूत्रकार सांगतात. आणि लगेच पुढे, दुसऱ्या वाचनेप्रमाणे हे ९३ वे वर्ष आहे, असेही नोंदवितात. दोन्ही गणनांत तेरा वर्षांचे अंतर आहे. त्यांपैकी कोणती खरी, याचा निवाडा तेथे केलेला नाही. एक आकडा खोडून दुसरा ठेवणे त्या सभेला सहज शक्य होते. तसे तिने केले नाही.

या तेरा वर्षांच्या अंतरात एक मोठा इतिहास दडलेला आहे. जैन परंपरेतील श्रुत हे राजाज्ञेने टिकले नाही, सैन्याच्या बळावर टिकले नाही आणि फार काळपर्यंत तर ते लेखणीनेही टिकले नाही. ते टिकले ते मूठभर माणसांच्या बैठकींतून. कधी दोन आचार्य समोरासमोर बसले, कधी दुष्काळातून वाचलेले श्रमण एकत्र आले, कधी एका वृद्ध मुनींनी दूरच्या सभेला पत्र पाठविले, तर कधी गावच्या पंचांनी भांडाराची कुलपे उघडावीत की नाही याचा विचार केला. अशा प्रत्येक बैठकीपुढे प्रश्न एकच होता. सर्वांचे मत एक नसेल, तर निर्णय कसा घ्यावा, आणि ज्याचे मत मान्य झाले नाही त्याचे काय करावे?

अनेकांताचा उल्लेख आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या संदर्भात होतो. परंतु तो आचरणात कसा आणावयाचा, याचे धडे या लहान सभांच्या इतिहासात मिळतात.

श्रावस्तीतील भेट

उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात एका भेटीचे वर्णन आहे. भगवान पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशीकुमार श्रमण आणि भगवान महावीरांचे प्रथम गणधर इंद्रभूती गौतम हे दोघे एकाच वेळी श्रावस्ती नगरीत आले. केशीकुमार तिंदुक उद्यानात उतरले, तर गौतमस्वामी कोष्ठक उद्यानात. दोघांचे शिष्य नगरात वावरत असता एकमेकांस पाहू लागले आणि त्यांच्या मनांत शंका उत्पन्न झाली. एका परंपरेत चार यामांचा धर्म, दुसरीत पाच महाव्रतांचा. एकीत वस्त्राची मोकळीक, दुसरीत अचेलकतेचा आग्रह. ध्येय एकच असता मार्गात हा भेद कशासाठी?

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की वाद प्रथम शिष्यांच्या मनांत उठला आणि दोन्ही गुरूंनी त्याची दखल घेतली. लहान मंडळींची कुजबुज म्हणून तो दुर्लक्षिला गेला नाही. दुसरी गोष्ट, कोणी कोणाकडे जावे हा प्रश्न. भगवान पार्श्वनाथांची परंपरा ज्येष्ठ, हे ओळखून गौतमस्वामी स्वतः तिंदुक उद्यानात गेले. केशीकुमारांनीही त्यांचा योग्य आदर केला आणि बसण्यासाठी गवताची व कुशाची आसने दिली. एकाने पाऊल उचलले, दुसऱ्याने आसन दिले. चर्चा त्यानंतर सुरू झाली.

केशीकुमारांनी अनुमती मागून एकेक प्रश्न विचारला आणि गौतमस्वामींनी एकेकाचे उत्तर दिले. पहिल्या तीर्थंकरांच्या काळातील साधू सरळ पण मंदबुद्धी होते, अखेरच्या तीर्थंकरांच्या काळातील वक्र आणि मंद, तर मधल्या काळातील सरळ आणि प्राज्ञ. म्हणून धर्म एकच असूनही त्याची मांडणी वेगळी झाली, असे गौतमस्वामींनी सांगितले. बाह्य वेष हा लोकांना ओळख पटण्यासाठी आहे. मोक्षाची खरी साधने ज्ञान, दर्शन आणि चारित्र हीच आहेत, असेही त्यांचे उत्तर होते. संवादाच्या अखेरीस केशीकुमारांनी पंचमहाव्रतांचा धर्म स्वीकारला. या संपूर्ण अध्ययनात आधीची परंपरा चुकीची होती, असे गौतमस्वामी कोठेही म्हणत नाहीत. केशीकुमारांना आपले मत बदलावे लागले, पण मान खाली घालावी लागली नाही.

एक वाचना, एक गण

भगवान महावीरांचे गणधर अकरा होते, परंतु गण मात्र नऊच होते. कल्पसूत्रातील स्थविरावली याचा खुलासा करते. अकंपित आणि अचलभ्राता या दोन गणधरांची वाचना एक होती; मेतार्य आणि प्रभास यांचीही एक होती. म्हणून चार गणधरांचे मिळून दोन गण मोजले गेले. गण म्हणजे एका नायकाच्या आज्ञेतील माणसांची संख्या, एवढाच अर्थ येथे नाही. जे एकत्र बसून एकच पाठ घेतात, त्यांचा गण, असा हा हिशेब आहे. समूहाची ओळख अधिकारावरून ठरली नाही, एकत्र ऐकण्यावरून ठरली.

समूहात निर्णय कसा व्हावा याचाही क्रम पुढे घालून दिला गेला. व्यवहार सूत्रात, तसेच स्थानांग आणि भगवती या सूत्रांतही, पाच व्यवहार सांगितले आहेत : आगम, श्रुत, आज्ञा, धारणा आणि जीत. विशिष्ट ज्ञानाचे धारक उपस्थित असतील, तर त्यांचा निर्णय हा आगम व्यवहार. ते नसतील तर सूत्राच्या आधारे निर्णय, तो श्रुत व्यवहार. आपल्या गुरूंनी पूर्वी अशाच प्रसंगी काय सांगितले होते हे स्मरून त्याप्रमाणे वागणे, तो धारणा व्यवहार. आणि व्यक्तीची शक्ती, काळ व परिस्थिती पाहून जाणत्यांनी रूढ केलेला जो आचार, तो जीत व्यवहार. यांतील वरचे साधन उपलब्ध असता खालच्याचा आश्रय घ्यावयाचा नाही, असा दंडक आहे.

या पाचांपैकी आज्ञा व्यवहार विशेष मननीय आहे. दोन गीतार्थ, म्हणजे सूत्र आणि अर्थ दोन्ही जाणणारे आचार्य, एकमेकांपासून दूर आहेत. वार्धक्यामुळे किंवा आजारपणामुळे प्रवास अशक्य आहे. आणि निरोप नेण्यासाठी जवळ असलेला शिष्य अजून अगीतार्थ आहे. अशा वेळी आपला दोष गूढ पदांत सांगून त्या शिष्याबरोबर पाठवावा आणि उत्तरही तशाच पदांत यावे, अशी योजना भाष्य-टीकांत वर्णिली आहे. निरोप्याला त्याचा अर्थ कळत नाही, त्यामुळे ज्याचा दोष त्याची अप्रतिष्ठा होत नाही. आणि अक्षरे मात्र जशीच्या तशी पोहोचतात. कोणती गोष्ट कोणापर्यंत जावी आणि कोणापर्यंत जाऊ नये, याचा इतका बारकाईने विचार त्या काळी झालेला होता.

पाटलिपुत्र : संघ आणि श्रुतकेवली

श्वेतांबर परंपरेनुसार, वीर निर्वाणानंतर सुमारे १६० वर्षांनी मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला. श्रमण विखुरले, अनेकांचे देहावसान झाले आणि कंठस्थ असलेले श्रुत विस्मृतीत जाऊ लागले. सुकाळ होताच संघ पाटलिपुत्रात जमला. ज्याला जे आठवत होते ते त्याने सांगितले आणि अशा रीतीने अकरा अंगे संकलित झाली. बारावे अंग दृष्टिवाद मात्र कोणालाच पूर्ण येत नव्हते. ते जाणणारे आचार्य भद्रबाहू त्या वेळी नेपाळच्या प्रदेशात महाप्राण ध्यानाची साधना करीत होते.

पुढील प्रसंग आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात परिशिष्टपर्वात वर्णिला आहे. संघाने दोन मुनींना पाठवून भद्रबाहूंना पाचारण केले. आरंभिलेले ध्यान अर्धवट सोडता येत नाही, म्हणून त्यांनी येण्यास असमर्थता दर्शविली. संघाने दुसरे दोन मुनी पाठविले आणि त्यांच्याकरवी एकच प्रश्न विचारला : जो संघाची आज्ञा मानीत नाही, त्याला कोणते प्रायश्चित्त द्यावे? त्याला संघाबाहेर करावे, असे भद्रबाहूंनी उत्तर दिले. तेव्हा मुनी म्हणाले, मग हे प्रायश्चित्त आपल्यालाच लागू होते.

येथे दोन्ही बाजू आपल्या जागी खिळून राहिल्या असत्या, तर संघही दुभंगला असता आणि श्रुतही गेले असते. श्रुतकेवली एकच होते, त्यांच्यावाचून संघाचे चालणार नव्हते; आणि संघाच्या मान्यतेवाचून श्रुतकेवलींचे ज्ञान पुढे जाणार नव्हते. भद्रबाहूंनी संघाचा अधिकार मान्य केला, पण आपली साधनाही सोडली नाही. बुद्धिमान शिष्यांना इकडे पाठवावे, आपण त्यांना प्रतिदिन सात वाचना देऊ, असा मार्ग त्यांनी सुचविला. भिक्षेहून परतल्यावर एक, दिवसाच्या ठरलेल्या तीन वेळी तीन आणि सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर तीन. यामुळे संघाचे कार्यही होईल आणि आपलेही, असे त्यांचे म्हणणे होते. संघाने ते स्वीकारले आणि स्थूलभद्रांसह ५०० साधू पाठविले.

पुढे बाकीचे सारे कंटाळून परतले, एकटे स्थूलभद्र राहिले. त्यांनी दहा पूर्वे आत्मसात केली. परंतु भेटीस आलेल्या आपल्या साध्वी भगिनींना त्यांनी विद्येच्या बळावर सिंहाचे रूप दाखविले, आणि या प्रमादामुळे भद्रबाहूंनी पुढील पाठ थांबविला. पुन्हा एकदा संघाने मध्यस्थी केली. उरलेली चार पूर्वे देण्यास भद्रबाहू राजी झाले, ते ती पुढे कोणास शिकवू नयेत या अटीवर. संघाचा शब्द राहिला आणि गुरूंचा विवेकही राहिला. किंमत मात्र मोठी पडली. त्या चार पूर्वांची परंपरा तेथेच खुंटली.

दिगंबर परंपरा या काळाचा इतिहास वेगळा सांगते. तिच्यानुसार श्रुतकेवली भद्रबाहू संघासह दक्षिणेत आले आणि श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पाटलिपुत्रातील संकलन ही परंपरा प्रमाण मानीत नाही. ज्या सभेत एक पक्ष उपस्थितच नव्हता, तिचा निर्णय त्या पक्षावर बंधनकारक कसा होणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढील सभांनी याच प्रश्नाशी आपापल्या परीने झुंज दिली.

मथुरा आणि वलभी : दोन पाठांची समस्या

वीर निर्वाणाच्या नवव्या शतकात पुन्हा दुष्काळ पडला आणि पुन्हा श्रुतसंकलनाची वेळ आली. या खेपेस सभा दोन भरल्या. उत्तरेकडील श्रमण आर्य स्कंदिल यांच्या नेतृत्वाखाली मथुरेत जमले, तर पश्चिमेकडील श्रमण आचार्य नागार्जुन यांच्या नेतृत्वाखाली सौराष्ट्रातील वलभीत. दोन्ही सभांनी प्रामाणिकपणे आपापले काम केले. परंतु स्कंदिल आणि नागार्जुन यांची भेट पुढे होऊ शकली नाही, असे भद्रेश्वरांच्या कहावलीत म्हटले आहे. भेट झाली असती तर जे भेद एका बैठकीत मिटले असते, ते आता दोन वाचनांचे स्थिर पाठभेद होऊन बसले.

याला कोणाचा हट्ट कारण नव्हता, कोणाची फसवणूक नव्हती. दोन चांगल्या सभा एकमेकींशी बोलू शकल्या नाहीत, इतकेच. समूहांच्या इतिहासात दुराव्याचे हे कारण बहुधा सर्वांत जास्त वेळा आढळते.

सुमारे दीडशे वर्षांनंतर, वीर निर्वाण संवत् ९८० किंवा ९९३ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्यास, देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभीत पुन्हा सभा भरली. स्मरणशक्ती क्षीण होत चालली होती आणि श्रुत पुस्तकारूढ करण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. लिहावयाचे, तर कोणता पाठ लिहावयाचा? मथुरेचा की नागार्जुनांचा? सभा वलभीतच भरली होती. नागार्जुनांची वाचनाही वलभीचीच होती. स्थानाचा अभिमान धरून ती वाचना मुख्य ठेवणे सोपे होते.

घडले ते वेगळेच. मुख्य पाठ म्हणून माथुरी वाचना स्वीकारली गेली आणि जेथे नागार्जुनीय पाठ वेगळा होता तेथे तो वाचनांतर म्हणून राखला गेला. जेथे मेळ घालता आला तेथे घातला. जेथे नाही घालता आला तेथे दोन्ही ठेवले. कल्पसूत्रातील तेरा वर्षांचे अंतर हे त्याचेच चिन्ह. आचारांगाच्या चूर्णीत आणि आचार्य शीलांकांच्या टीकेतही नागार्जुनीय असे वाचतात, असा निर्देश करून भिन्न पाठ दिलेले आढळतात. म्हणजे सभेनंतर कित्येक शतकांनीही त्या पाठाचा मागमूस पुसला गेला नव्हता.

या निर्णयाचे महत्त्व थोडे थांबून समजून घेतले पाहिजे. लेखन झाले की जे लिहिले तेच उरते. मौखिक परंपरेत एखादा भिन्न पाठ कोठे तरी कोणाच्या तरी कंठात जिवंत राहू शकतो. लिखित परंपरेत वगळलेले कायमचे जाते. ज्या दिवशी एका पक्षाला दुसऱ्याचे म्हणणे कायमचे मिटविण्याचे साधन हाती आले, त्याच दिवशी त्या सभेने ते साधन दुसऱ्याचे म्हणणे जपण्यासाठी वापरले. देवर्धिगणींच्या नावापुढील क्षमाश्रमण ही पदवी या कार्याला शोभून दिसते.

महिमा नगरीस आलेले पत्र

दिगंबर परंपरेतील श्रुतरक्षणाची कथा आचार्य वीरसेनांनी धवला टीकेत आणि इंद्रनंदींनी श्रुतावतारात सांगितली आहे. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणारे आचार्य धरसेन यांना अंग-पूर्वांचे एकदेश ज्ञान होते. आपल्यामागे ते लुप्त होईल, या चिंतेने त्यांनी महिमा नगरीत जमलेल्या दक्षिणापथाच्या आचार्यांना लेख पाठविला. महिमा म्हणजे सातारा जिल्ह्यातील महिमानगड असावे, अशी शक्यता अभ्यासकांनी मांडलेली आहे. तसे असेल तर या श्रुतकथेचा एक धागा महाराष्ट्राच्या भूमीशी जुळतो.

त्या सभेने धरसेनाचार्यांचे म्हणणे नीट समजून घेतले आणि ग्रहण व धारण करण्यास समर्थ, विनयी व शीलवान अशा दोन मुनींची निवड करून त्यांना गिरनारला पाठविले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी विख्यात झाले. सभेने स्वतः श्रुत मागविले नाही, की आचार्यांना आपल्याकडे बोलाविले नाही. जे मागितले होते तेच, म्हणजे योग्य माणसे, तिने दिली.

धरसेनाचार्यांनी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना दोन विद्या साधण्यास दिल्या. एकीच्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसरीच्या मंत्रात एक अक्षर कमी. साधना पूर्ण होताच देवता प्रकट झाल्या, त्यांपैकी एकीचे दात पुढे आलेले, तर दुसरी एकाक्ष. देवता विकृत असत नाहीत, तेव्हा दोष मंत्रात असला पाहिजे, हे दोघांनी ओळखले. मंत्रशास्त्राच्या नियमांनी अक्षरांची दुरुस्ती करून त्यांनी पुन्हा साधना केली आणि मग आचार्यांना सर्व वृत्तांत निवेदन केला. गुरूंनी दिले म्हणून चुकीचे अक्षर तसेच घोकणारा शिष्य धरसेनाचार्यांना नको होता, आणि चूक सापडली म्हणून गुरूंचा अवमान करणाराही नको होता.

अध्ययन पूर्ण झाल्यावर पुष्पदंतांनी सत्प्ररूपणेची १७७ सूत्रे रचली आणि ती जिनपालित मुनींबरोबर भूतबलींकडे पाठविली. आपल्या सहाध्यायींचे आयुष्य थोडे उरले आहे, हे भूतबलींनी जाणले आणि उरलेल्या ग्रंथाची रचना स्वतः पूर्ण केली. षट्खंडागम पुस्तकारूढ झाला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीस चतुर्विध संघाने त्याची पूजा केली. तोच दिवस आज श्रुतपंचमी म्हणून साजरा होतो. दोन सहकाऱ्यांपैकी एकाने आरंभ केला, दुसऱ्याने शेवट केला. आणि ग्रंथ दोघांच्याही नावाने ओळखला जातो.

मूडबिद्रीची कुलपे

षट्खंडागम, त्यावरील धवला टीका आणि कषायपाहुडावरील जयधवला यांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपल्या गेल्या होत्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत. वाचन मात्र कोणी करीत नसे. प्रती जुन्या कन्नड लिपीत होत्या, जीर्ण झाल्या होत्या, आणि हे सिद्धांतग्रंथ सर्वांसाठी खुले असू नयेत, अशीही भावना होती. भट्टारक आणि पंच यांच्यापुढील पेच खोटा नव्हता. ज्या ठेव्याचे शतकानुशतके रक्षण केले, तो एकदा हातचा गेला तर परत मिळणार नव्हता. पण किडीने आणि काळाने तो जात होता, हेही तितकेच खरे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी या प्रश्नात लक्ष घातले. त्यांनी पंचांशी पुनःपुन्हा बोलणी केली, निधी जमविला आणि प्रती उतरविण्याची अनुमती मिळविली. ब्रह्मसूरि शास्त्री आणि गजपति उपाध्याय यांनी प्रतिलेखनाचे काम हाती घेतले. नवी प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ नये, अशी पंचांची इच्छा होती. तथापि एक प्रत गुपचूप बाहेर गेली, सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून उतरविलेल्या प्रती अमरावती, कारंजा, आरा इत्यादी ठिकाणी पसरल्या. शब्दभंग झाला हे खरे; आणि त्या शब्दभंगामुळेच ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला, हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकही नाकारता येत नाही.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचे काम अंगावर घेतले. पं. फूलचंद्र शास्त्री, पं. हीरालाल शास्त्री, पं. बालचंद्र शास्त्री आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये अशा विद्वानांचे साह्य त्यांना लाभले. १९३९ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला. संपूर्ण धवला सोळा भागांत पूर्ण झाली.

पहिल्याच भागात या संपादकांपुढे वलभीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. मनुष्यिणींच्या गुणस्थानांविषयीच्या ९३ व्या सूत्रात, टीकेचा अर्थ पाहता, संजद हा शब्द असावयास हवा असे त्यांना वाटले. हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी तो मूळ सूत्रात घातला नाही आणि आपले मत गिळूनही टाकले नाही. हा शब्द येथे राहून गेला असावा, अशी टीप त्यांनी पृष्ठाच्या तळाशी दिली. या एका शब्दावर पुढे समाजात दीर्घ आणि तीव्र वाद झाला, कारण त्याच्याशी सिद्धांताचा एक महत्त्वाचा प्रश्न जोडलेला होता. दरम्यान पहिले भाग पाहून मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास संमती दिली होती. ताडपत्रांत पाहता संजद हा शब्द तेथे होता.

शब्दाचा अर्थ कसा लावावा, द्रव्याच्या दृष्टीने की भावाच्या, याविषयीचे मतभेद त्याने संपले नाहीत. परंतु पाठ काय आहे, याचा निर्णय झाला. आणि तो पृष्ठाच्या तळाशी दिलेल्या टीपेमुळे आणि उघडलेल्या कुलपांमुळे झाला. टीप नसती तर प्रश्नच उठला नसता. कुलपे उघडली नसती तर उत्तर मिळाले नसते.

सभेचा वारसा

श्रावस्ती, पाटलिपुत्र, वलभी, महिमा आणि मूडबिद्री ही स्थाने एकमेकांपासून दूर आहेत आणि त्यांच्या मध्ये शतकांची अंतरे आहेत. तेथे जमलेल्यांचे पंथ वेगळे होते, प्रसंगही वेगळे होते. तरीही जेथे सभा यशस्वी झाली, तेथे एक गोष्ट समान दिसते. ज्याचे म्हणणे त्या दिवशी स्वीकारले गेले नाही, त्याला बसावयास आसन मिळाले, नोंदीत जागा मिळाली, किंवा पुढच्या दिवसासाठी दार उघडे राहिले. आणि जेथे सभा अपुरी पडली, तेथे कोणी तरी अनुपस्थित होते, किंवा दोन बैठकींची गाठ पडली नव्हती.

आजच्या धार्मिक आणि सामाजिक संस्थांचा कारभारही लहान मंडळेच पाहतात. विश्वस्तांच्या बैठकीत सात किंवा अकरा माणसे बसतात. जीर्णोद्धार, पाठशाळा, धर्मशाळा, शिष्यवृत्ती यांविषयीचे ठराव होतात आणि इतिवृत्तात सर्वानुमते मंजूर हे दोन शब्द लिहिले जातात. ते लिहिणे सोपे असते. कधी ते खरे असतात. कधी कोणी तरी नाराजीने गप्प बसलेला असतो आणि पुढच्या बैठकीपासून येईनासा होतो. पन्नास वर्षांनी ते इतिवृत्त वाचणाऱ्या पिढीला झालेला ठराव समजतो. तो करताना कोणती शंका व्यक्त झाली होती आणि ती कोणी व्यक्त केली होती, हे मात्र समजत नाही. अनेकदा त्या शंकेचीच पुढे गरज पडते.

वलभीच्या सभेतील बहुतेक श्रमणांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्यात काय बोलणे झाले, कोण रागावले, कोणी समजूत घातली, याची कथा उरलेली नाही. उरले आहेत ते दोन आकडे. दर पर्युषणात ते दोन्ही वाचले जातात, आणि दोन्ही तितक्याच श्रद्धेने ऐकले जातात.